गच्चीवर जादा खोली: पत्र्याची, काचेची की स्लॅबची? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मुलाचं लग्न ठरतं, धाकटीची दहावी येते, किंवा गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे हॉलमध्ये आडवेतिडवे झोपतात आणि घरात विषय निघतो: वर एक खोली काढू या. फॅब्रिकेटर म्हणतो, आठ दिवसांत पत्रा टाकून देतो. गवंडी म्हणतो, टाकायचा तर स्लॅबच टाका. आणि घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर परदेशातल्या काचेच्या खोलीचा फोटो असतोच. खालची उत्तरं १२ बाय १२ फुटांची एक खोली धरून दिली आहेत.

पत्रा की स्लॅब, आधी काय ठरवायचं?

दोन्ही नाही. खालचं घर किती पेलतं, हे आधी. बहुतेक घरांत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, तोही विटा गच्चीवर चढल्यानंतर. दुसरा प्रश्न असा, की खोली कोणत्या वेळी वापरणार? रात्री झोपायला, दिवसभर शिलाई मशीन चालवायला, की दिवाळीत पाहुण्यांपुरती? या दोन उत्तरांत निम्मा निर्णय होऊन जातो.

माझं घर वर मजला पेलेल का, हे कसं ओळखायचं?

कसबा, बाळीवेस भागातली माळवदाची जुनी घरं, म्हणजे जाड दगडमातीच्या भिंती आणि वर लाकूड, माती: त्यावर स्लॅब नाहीच. पत्र्याची हलकी खोलीसुद्धा माळवदावर टेकवायची नाही. खांब थेट जमिनीतून वर काढावे लागतात.

९ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब, कॉलम नाहीत: हे लोडबेअरिंग घर. पाया मुरमापर्यंत गेला असेल आणि वरची भिंत खालच्या भिंतीवरच बसत असेल, तर एक मजला शक्य असतो, पण ते इंजिनिअरने पाया एका जागी उघडून बघून सांगायचं. दोन फूट बाय दोन फूट खड्डा घेतला की रुंदी, खोली आणि खालची माती, तिन्ही दिसतात. हजार-दोन हजारांचं हे काम टाळून लाखांचं काम काढणारे बरेच.

कॉलम-बीमचं घर असेल तर मूळ नकाशासोबतचं आरसीसी ड्रॉइंग शोधा. त्यात फुटिंगचा (कॉलमखालच्या पायाचा) आकार आणि किती मजले धरून डिझाइन केलं ते लिहिलेलं असतं. ते सापडलं नाही तर पुन्हा तोच खड्डा, शिवाय कॉलमवर रिबाउंड हॅमरची चाचणी, म्हणजे ठोका मारून काँक्रीट किती मजबूत ते बघणं.

आणखी एक खूण फुकटात मिळते. खालच्या मजल्यावर बीमच्या पोटाला सळईच्या रेषेत तडे किंवा पोपडे दिसत असतील, तर आत सळई गंजून फुगली आहे. आधी तिची दुरुस्ती, मग वरचा विचार.

पत्रा आणि स्लॅब, दोन्हींच्या वजनात असा किती फरक पडतो?

९ इंची विटांची १० फूट उंच भिंत, दोन्ही बाजूंचा गिलावा धरून, धावत्या फुटाला साधारण ४६५ किलो भरते. दारं-खिडक्या वजा जाता ४५ फूट भिंत धरली तर २१ टन. ५ इंची स्लॅब सव्वापाच टन, वर सरासरी ४ इंचांचा वीटतुकड्यांचा कोबा ३ टन. म्हणजे २९ टन, बीम वेगळे.

त्याच भिंती ६ इंची एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) केल्या तर २१ टनांचे पावणेसात ते सात होतात. एकूण बेरीज १५ टनांवर येते. एवढ्या एका बदलाने 'नाही' म्हणणारा इंजिनिअर कधीकधी 'बघू' म्हणतो.

लोखंडी सांगाडा, ५० मिलिमीटरच्या पफ पॅनलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या) छप्पर आणि पॅनलच्याच भिंती असं केलं, तर सगळं मिळून सव्वा ते दीड टन. जुन्या घरावर हा पर्याय का सुचवतात, ते या आकड्यात आहे.

कॉलमचे रॉड वर सोडलेले आहेत. मग प्रश्न मिटला ना?

रॉड सोडणं म्हणजे पुढचा मजला पेलण्याची हमी नव्हे. बांधणाऱ्याने शेजाऱ्याचं बघून सोडलेले असू शकतात. शिवाय दहा-पंधरा वर्षं उन्हापावसात उभी राहिलेली सळई बुडाशी, जिथे ती काँक्रीटमधून बाहेर येते तिथेच, सगळ्यात जास्त खाल्लेली असते. तारेच्या ब्रशने बूड घासून बघा. पापुद्रे निघून सळई बारीक झाली असेल, तर तिच्यावर नवीन सळई बांधण्यात अर्थ नाही.

सळई चांगली असेल तर जोड किती घ्यायचा? सळईच्या जाडीच्या ५० पट. १२ मिलिमीटरला ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. वर फूटभरच सोडली असेल तर केमिकल लावून नवीन सळई बसवावी लागते: १२ च्या सळईला १६ चं भोक, आतली धूळ ब्लोअर आणि ब्रशने पूर्ण काढायची, मग केमिकल. धूळ राहिली तर केमिकल काँक्रीटला नाही, धुळीला चिकटतं आणि सळई हाताने निघते.

परदेशात काचेच्या खोल्या असतात, तशी गच्चीवर करता येईल का?

करता येईल, राहता येणार नाही. ब्रिटनमध्ये त्या खोलीला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. तो देश ५० अक्षांशाच्या वर. हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत असतो आणि जेवढं ऊन मिळेल तेवढं त्यांना घरात हवं असतं. तिथेही ती खोली उन्हाळ्यात तापते आणि थंडीत गारठते, म्हणून बरेच लोक काचेचं छप्पर काढून पक्कं छप्पर बसवून घेतात. इंग्लंडमध्ये जमिनीलगतच्या ३० चौरस मीटरच्या आतल्या अशा खोलीला, ती बाहेरच्या दर्जाच्या दाराने घरापासून वेगळी ठेवली तर, इमारत-नियमांतून सवलत मिळते. म्हणजे कायदाही तिला पूर्ण घर मानत नाही.

सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली पायाशी गोळा होते. पारा चाळिशीच्या पार गेलेला असतो तेव्हाच छपरावरची काच सगळ्यात सरळ ऊन घेते. टिंटेड काच लावा, फिल्म लावा, ती खोली पापड-कुरडया वाळवण्याच्या कामाची.

उजेड हवा असेल तर काच छपराला नको, उत्तरेच्या भिंतीला लावा. चार बाय पाच फुटांची खिडकी पुरते. मे-जूनमध्ये उत्तरेकडूनही थोडं तिरकं ऊन येतं. त्यासाठी दीड फुटाचा छज्जा. पश्चिमेला मात्र मोठी काच अजिबात नको. तिथलं संध्याकाळी चारचं ऊन छज्ज्याखालून आडवं आत येतं.

पत्र्याची खोली मे महिन्यात राहण्याजोगी होते का?

नुसता पत्रा असेल तर नाही. दुपारी तो हात टेकवू देत नाही आणि सगळी उष्णता खालच्या माणसाच्या डोक्यावर टाकतो. त्याचा एक गुण मात्र आहे: सूर्य मावळला की तासाभरात पत्रा गार होतो. स्लॅब उलटा. दिवसभर ऊन पितो आणि रात्री आठ ते अकरा, नेमका झोपायच्या वेळी, ओकतो. दिवसा बंद राहणारी, रात्री झोपण्यापुरती खोली हवी असेल तर नीट केलेली पत्र्याची खोली उघड्या स्लॅबपेक्षा सुखाची जाते. हे पटायला वेळ लागतो.

'नीट केलेली' म्हणजे काय? छपराला ५० मिलिमीटरचं पफ पॅनल. ३० चं थोडं स्वस्त पडतं पण इथे नको. पॅनल परवडत नसेल तर पांढऱ्या किंवा फिकट रंगाचा प्री-कोटेड पत्रा, खाली ५० मिलिमीटर ग्लासवूल, आणि फॉल्स सीलिंग पत्र्यापासून किमान ६ इंच खाली. मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवायची. पोकळी बंद केली की तिथली हवा भट्टी होते. नुसत्या चंदेरी बबल शीटवर भागवू नका. गडद निळा किंवा विटकरी पत्रा दिसायला छान, पण तो उन्हाचं आमंत्रण.

आपल्याकडचं ऊन कोरडं असल्यामुळे मेअखेरपर्यंत कूलर चांगला चालतो. पण कूलर खिडकीबाहेर आणि त्याच्या समोरच्या भिंतीत हवा निघायला झरोका, असं पाहिजे. बंद खोलीत कूलर ठेवला की दमट होऊन घामच येतो.

उंची: सखल बाजूला ९ फुटांच्या खाली येऊ नका.

फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये काय बघायचं?

पाइपची जाडी. चौरस फुटाच्या दरात तीच लपते. २ इंची चौकोनी पाइप बघायला सगळे सारखेच. पण २ मिलिमीटर जाडीचा २० फुटी पाइप सुमारे १८ किलो भरतो, १.२ मिलिमीटरचा ११ किलोच. एक पाइप काट्यावर ठेवून बघा, वाद घालायची गरज पडत नाही. गाडी वजनकाट्यावरून आणून पावती द्यायची, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

खांब ३ इंची, ३ मिलिमीटर जाडीचे. आडवे पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते पाइप, २ इंची, २ मिलिमीटरचे, दर ४ फुटांवर. पत्रा ०.५ मिलिमीटर, ०.३५ चा पत्रा साफसफाईला चढलेल्या माणसाच्या पायाखाली दबतो आणि तिथे पाणी साठतं. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर रेड ऑक्साइडचा हात त्याच दिवशी लागला पाहिजे.

वळवाच्या वाऱ्यात छप्पर उडणार नाही ना?

हिशोब करून बघा. ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४८ किलो. १६ चौरस मीटरच्या छपराला हा वारा पाऊण टनाच्या आसपास उचल देऊ शकतो. तेवढ्याच पत्र्याचं स्वतःचं वजन ८० किलो. म्हणजे छप्पर वजनाने खाली बसत नाही, बोल्टने धरून ठेवावं लागतं. पत्र्यावर दगड, जुने टायर ठेवणं हा उपाय नाही. वाऱ्यात तेच शेजारच्या अंगणात जातात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: खांबाचा खर्च वाचवायला पर्लिन थेट पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर) टेकवतात आणि सिमेंटने बुजवतात. पॅरापेट साडेचार इंची विटांची, खालच्या स्लॅबला तिची कसली पकड नाही. वारा छपरासकट भिंतच उपटतो.

खांब बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर घ्या, मोकळ्या स्लॅबच्या मध्यावर नाही. खाली ८ इंच बाय ८ इंच, १० मिलिमीटर जाड बेसप्लेट आणि १२ मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट. बोल्ट काँक्रीटमध्ये जायला हवेत. नुसत्या कोब्यात अडकलेला बोल्ट काही धरत नाही. म्हणून त्या जागेचा कोबा कापून ६ इंच उंच काँक्रीटचा गट्टू करतात, त्यावर प्लेट. गट्टूमुळे प्लेट साठलेल्या पाण्यात राहत नाही आणि बोल्टच्या भोकातून खाली गळतही नाही.

पत्रा गळतो तो नेमका कुठून?

तीन जागा. पहिली स्क्रू. छपराचा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पन्हाळीत नाही, कारण पाणी पन्हाळीतून वाहतं. स्क्रूखालचा रबरी वॉशर ईपीडीएमचा हवा. साधं रबर दोन-तीन उन्हाळ्यांत चिरतं आणि पहिल्या पावसात टिपटिप सुरू होते. तो किती आवळायचा? वॉशर धातूच्या टोपीबाहेर किंचित फुगलेला दिसेल इतकाच. ड्रिल मशीन जोरात दाबून चपटा केलेला वॉशर आणि सैल राहिलेला वॉशर, दोन्ही गळतात.

दुसरी जागा पत्र्यावर पत्रा चढतो तो जोड. बाजूला एक पूर्ण उंचवटा, लांबीत ६ इंच. उतार १० फुटांना १ फूट असेल तर हे पुरतं. १२ फुटी खोलीला अखंड लांबीचा पत्रा मागवा, लांबीतला जोडच नको.

तिसरी जागा पत्रा आणि जिन्याच्या खोलीची भिंत यांचा कोपरा. इथे एमसील किंवा सिमेंट भरतात. पत्रा उन्हात वाढतो, रात्री आकसतो, सिमेंट सुटतं. बरोबर पद्धत अशी: भिंतीत कटरने इंचभर खाच, त्यात वाकवलेल्या पत्र्याची फ्लॅशिंग पट्टी खोचायची, खाचेत सीलंट, आणि पट्टीचं खालचं टोक पत्र्यावर मोकळं सोडायचं.

भिंती गच्चीच्या कोब्यावर उचलल्या तर चालेल?

नाही. गच्चीचा कोबा पावसाचं पाणी थोडंफार पितोच. भिंत कोब्यावर उभी केली की बाहेरचं पाणी भिंतीखालून आत सरकतं. खोलीची फरशी ऑगस्टमध्ये ओलसर, कोपऱ्यात रंग फुगलेला. मग लोक आतून वॉटरप्रूफ रंग लावत बसतात. भिंतीच्या रेषेतला कोबा पूर्ण कापून भिंत स्लॅबवरून, खाली बीम असेल तिथूनच सुरू करा. पहिले ६ इंच काँक्रीटचे, त्यावर ब्लॉक. एएसी ब्लॉक पाणी ओढतो, तो गच्चीच्या पातळीला नको. बाहेरच्या कोपऱ्यात गोल वाटा मारा. खोलीची फरशी गच्चीपेक्षा ३ इंच वर, उंबरा आणखी वर.

ब्लॉक आणि बीम जिथे भेटतात तिथे कोंबडीजाळी लावून मगच गिलावा, नाहीतर तिथे केसासारखी आडवी भेग येते. धोका नसतो, दिसते वाईट.

स्लॅब कोणत्या महिन्यात टाकावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये टाकावाच लागला तर काम पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा आणि पृष्ठभाग हाताला टणक लागताच ओलं गोणपाट टाका. तसं न केल्यास दुपारच्या कोरड्या वाऱ्यात काँक्रीट घट्ट होण्याआधीच वरचं पाणी उडतं आणि जाळीदार भेगा पडतात.

एम २० काँक्रीट, छज्जा धरून सव्वादोन घनमीटरच्या आत: सिमेंटच्या १७-१८ गोण्या आणि स्लॅबपुरती साधारण १७० किलो सळई. पीपीसी सिमेंट असेल तर इथल्या कोरड्या हवेत १४ दिवस पाणी. आळी करून इंचभर पाणी भरायला सव्वाचारशे लिटर, पुढे रोज उडणारं भरून काढायला दीडशे-दोनशे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हे आधीच बघा: बोअर आहे का, टँकर गल्लीत शिरतो का? सातव्या दिवशी पाणी थांबवून 'स्लॅब वाळला' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. स्लॅब वाळायचा नसतो, मुरायचा असतो.

सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेट आणि टेकू, १४ दिवसांच्या आत काढू देऊ नका. ठेकेदाराला प्लेट दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते.

गच्चीऐवजी घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत खोली काढली तर?

घरात म्हातारी माणसं असतील तर हेच बरं, जिना वाचतो. पण होटगी रोड, जुळे सोलापूर, बाळे, बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनं घर पंधरा वर्षांत बसून स्थिर झालेलं असतं, नवीन खोली आता बसायला लागते. नवीन भिंत जुन्या भिंतीत दाते काढून गुंफली की पहिल्याच उन्हाळ्यात जोडावर उभा तडा. म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवा: मध्ये २० ते २५ मिलिमीटरची फट, त्यात बिटुमेनचा बोर्ड, वर लवचीक सीलंट आणि एका बाजूलाच ठोकलेली झाकणपट्टी. पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा. जुन्या पायाच्या खाली खोदायचं असेल तर एकदम नाही, तीन-चार फुटांच्या तुकड्यांत. जोत्यात भरायला काढलेली काळी मातीच परत टाकतात, तसं नको. मुरूम आणून, थरांत पाणी मारून, ठोकून भरा.

पत्र्याच्या खोलीला परवानगी लागत नाही, खरं का?

चारही बाजूंनी बंद केलेली, राहण्याची खोली ही खोलीच; छप्पर पत्र्याचं म्हणून ती एफएसआयमधून (प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेतून) सुटत नाही. सोलापूर महापालिका हद्दीत २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. परवान्याशिवाय बांधलं तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. परवानाधारक इंजिनिअरकडून शिल्लक एफएसआय आणि सोडायची मोकळी जागा तपासून घ्या. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर आधी नियमितीकरण, मग नकाशा. अपार्टमेंटची गच्ची सोसायटीची असते. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून ती आपली होत नाही.

पाण्याची टाकी आणि सोलर नवीन छपरावर नेता येतील का?

हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. पत्र्यावर नाहीच, स्लॅबवरही कॉलमच्या डोक्याशी. सोलरसाठी एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट धरा. पॅनल बसवायचेच असतील तर फॅब्रिकेटरला आधी सांगा, पर्लिनची जागा त्यानुसार ठरते. नंतर पत्र्याला भोकं पाडणं म्हणजे गळतीला नवीन जागा देणं.

आत्ता पत्रा, पाच वर्षांनी स्लॅब, असं चालेल का?

चालेल, आणि पैशांची ओढाताण असेल तर हाच शहाणा मार्ग. अट एकच, खालची रचना स्लॅबच्या हिशोबाने तपासलेली असावी. लोखंडी खांब कॉलमच्या डोक्यावर न बसवता शेजारी बीमवर बसवा, म्हणजे सोडलेले रॉड मोकळे राहतात. त्या रॉडना सिमेंटचा घोल लावून वर साध्या काँक्रीटचा ठोकळा ओता. पुढे छिन्नीने फोडला की आतली सळई कोरी निघते. भिंती एएसी ब्लॉकच्या आणि बीमवरच केल्या तर त्या नंतर तशाच राहतात, फक्त छप्पर उतरतं. सांगाडा वेल्डिंगऐवजी नटबोल्टवर जोडून घ्या. उतरवलेलं पफ पॅनल आणि पाइप पुन्हा वापरता येतात किंवा विकले जातात. वेल्ड केलेला सांगाडा मात्र कापून भंगाराच्या भावातच जातो.